ठाण्यास पाठवा!

ठाणे जिल्ह्यात आणि मुंबईतही एक वाक्य थट्टेने वापरण्याची जुनी चाल आहे. कोणी जरा विसंगत बोलला, कोणी वाजवीपेक्षा अधिक संतापला, की शेजारचा गृहस्थ डोळे मिचकावून म्हणतो, "याला आता ठाण्यास पाठवा!" ऐकणारे हसतात, ज्याच्याविषयी बोलणे झाले, तोही ते हसण्यावारी नेतो. १९०१ साली ठाण्यास वेड्यांचे इस्पितळ उघडले, तेव्हापासून ते शहर आपल्या तलावांपेक्षा या एका संस्थेमुळेच लोकांच्या बोलण्यात अधिक जाऊन बसले आहे. थट्टेला आमची हरकत नाही. परंतु हेच वाक्य थट्टेच्या बाहेर पडून जेव्हा एखाद्या रुग्णालयाच्या केसपेपरवर उतरते, आणि पदवीधर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात उतरते, तेव्हा हसण्याचा प्रसंग सरतो व विचार करण्याचा येतो.

हा विचार आम्ही भिवंडीच्या निमित्ताने मांडीत आहो, आणि त्यास कारण आहे. भिवंडी हे मागांचे गाव. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महानगरपालिकेच्या हद्दीत सात लाखांवर वस्ती. त्यात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून पोटामागे आलेले सहस्रावधी कामगार. बारा-बारा तासांची पाळी, धोट्याच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्दही कानी पडू नये असा कारखाना, बिसीतले दोन वेळचे जेवण, आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-बारा माणसे, असे ज्यांचे जीवन, त्यांच्या शरीराप्रमाणे मनालाही दुखणी जडत असतील हे सांगण्यास तज्ज्ञ नको. शिवाय या गावाने १९७० आणि १९८४ साली दंगलीचा वणवा पाहिला आहे. २०२० च्या सप्टेंबरात जिलानी इमारत पहाटे कोसळून चाळीसच्या आसपास माणसे झोपेतच गाडली गेली, तेही पाहिले आहे. अशा गावाला शस्त्रवैद्य पाहिजे, प्रसूतितज्ज्ञ पाहिजे, मुलांचा डॉक्टर पाहिजे, हे सर्वांस मान्य असते. सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञही पाहिजे असे म्हटले, की मात्र उत्तर तयार असते: "तो येथे कशाला? ठाणे जवळच आहे."

आम्हांला तर वाटते की, ठाणे जवळ असणे हेच या गावाचे दुर्दैव होय. दूरच्या गावाला आपली उणीव निदान जाणवते तरी. जवळच्या गावाला ती भरून निघाल्याचा भास होतो. आणि हा भास कसा पोकळ आहे, हे समजण्यास मनोविकारतज्ज्ञाची गरज नेमकी कोणत्या रुग्णास असते, एवढेच पाहिले म्हणजे पुरे.

सामान्य समजूत अशी की, माणसे दोन प्रकारची: शहाणी व वेडी. शहाण्यांचे शरीर बिघडले तर त्यांनी सर्वसाधारण रुग्णालयात जावे. वेड्यांना मनोरुग्णालयात न्यावे. या वाटणीत एका तिसऱ्या माणसास जागाच नाही, आणि संख्येने पाहू गेल्यास तोच मोठा. त्याचे शरीर आजारी आहे म्हणून तो सर्वसाधारण रुग्णालयात आला आहे, आणि त्याच वेळी, त्याच खाटेवर, त्याचे मनही आजारी आहे. कधी शरीराच्या रोगाने मन बिघडविले आहे, कधी मनाच्या रोगाने शरीर, आणि कधी दोन्ही एकमेकांच्या साहाय्यास धावली आहेत. हा मनुष्य वेडा नव्हे. त्याला ठाण्यास पाठवून उपयोग नाही. ठाण्याच्या विद्येने त्याच्या खाटेपाशी आले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच: ज्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डांतून मनोविकारतज्ज्ञ सल्लागार म्हणून नियमाने फिरत नाही, ते रुग्णालय अर्ध्याच रुग्णाची चिकित्सा करते, आणि पुष्कळदा त्या अर्ध्याचीही नासाडी करते.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचे नाही. हाडांच्या वॉर्डात ज्याने चार रात्री काढल्या आहेत, त्याने असे काही पाहिलेले असतेच. चाळिशीचा एक माग-कामगार पाय मोडून दाखल होतो. पहिला दिवस शांततेने जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे हात कापू लागतात, अंगाला दरदरून घाम सुटतो. तिसऱ्या रात्री तो सलाईनची नळी उपटून टाकतो, भिंतीवर मुंग्या चढताना पाहतो, मुकादमाने हाक मारली म्हणून मोडक्या पायावर उभा राहून पाळीवर निघतो. वॉर्डभर आरडाओरड होते. जवळचे कोणी नसते. असते ते शेकडो कोसांवर गावी. शेवटी चार जण मिळून त्याचे हातपाय बँडेजने खाटेस बांधतात, आणि सकाळच्या फेरीत निर्णय होतो: "पेशंट मेंटल आहे. ठाण्यास पाठवा."

वस्तुतः त्या गृहस्थाचा अपराध एवढाच, की तो रोज दारू पीत होता, आणि पाय मोडल्यामुळे ती एकाएकी बंद झाली. नित्याची दारू अशी तुटली की शरीर बंड करून उठते. प्रथम थरकाप, मग कित्येकांस पहिल्या दोन दिवसांत झटके, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान हा भयंकर भ्रम, असा त्याचा क्रम डॉक्टरी पुस्तकांत केव्हाचा लिहिलेला आहे. वेळीच ओळखला तर लोराझेपाम किंवा डायझेपाम यांसारखे औषध आणि थायमिन नावाचे जीवनसत्त्व यांनी तो आवरता येतो. ही औषधे काही सोन्याच्या मोलाची नाहीत. न ओळखला तर मनुष्य दगावतो. थायमिनच्या आधी नुसते ग्लुकोज चढविले तर मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो, हेही त्या विद्येत ठाऊक असलेलेच आहे. हा वेडेपणा नव्हे. मनाचा वेष घेऊन आलेला हा शरीराचाच विकार होय. अशा रुग्णास, जेथे त्याच्या पायावर शस्त्रक्रिया होणे नाही अशा ठिकाणी, कशेळीच्या पुलावरून गाडीत घालून धाडणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला! दाखल करतानाच कोणी शांतपणे, दोष न देता, "दादा, रोज किती घेता?" एवढे विचारले असते तर तिसऱ्या रात्रीचा तमाशा झालाच नसता. हा प्रश्न विचारण्याची सवय वॉर्डास लावणे, हे त्या सल्लागाराचे पहिले काम.

दारूचे उदाहरण घेतल्याबद्दल सभ्य वाचक कदाचित नाक मुरडतील. त्यांच्यासाठी दुसरे घेऊ. निवृत्त झालेले एखादे शिक्षक, वय पंचाहत्तर, स्नानगृहात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या रात्री मात्र आजोबा मुलास ओळखीनात; खोलीत चोर शिरले आहेत म्हणू लागले; जन्मात तोंडातून न निघालेले शब्द सुनेसमोर उच्चारू लागले. घरची मंडळी लाजेने अर्धमेली होतात, आणि भेटीस येणाऱ्यांस दारातूनच परत पाठवितात. आपल्या आज्या ज्याला 'वात झाला' म्हणत तो हाच. मूत्रमार्गाचा जंतुदोष, रक्तातील सोडियमची घट, झोपेसाठी किंवा वेदनेसाठी दिलेले एखादे औषध, अशी त्याची कारणे. ती हुडकून दूर केली, डोळ्यांवर चष्मा व कानात यंत्र परत ठेवले, रात्री मंद दिवा ठेवला, ओळखीचा चेहरा जवळ बसविला, की मनुष्य बहुधा पूर्ववत होतो. हातपाय बांधल्याने मात्र तो अधिकच बिथरतो. "आजोबा वेडे झाले नाहीत; हा तात्पुरता भ्रम आहे" हे एक वाक्य ज्या मुलास अधिकारी माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळाले, त्याची ती रात्र कशी सुसह्य झाली असेल, ते ज्याचे त्याने जाणावे.

आता जो प्रकार सर्वांत गंभीर, त्याकडे वळू. विष घेतलेला रुग्ण. त्याला आणले की रुग्णालय खडबडून जागे होते. पोट धुतले जाते, उतारा दिला जातो, रात्रभर नाडीवर हात असतो. यात डॉक्टर व परिचारिका जे कष्ट करतात, त्यांपुढे आमचे मस्तक नम्र आहे. चौथ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, पाचव्या दिवशी घरी जातो. या पाच दिवसांत त्याला "का घेतले?" असे कोण विचारतो? विचारतो तो पोलीस, कारण त्यास जबाब लिहून घ्यावयाचा असतो! आणि तो विचारतो तेव्हा खाटेच्या एका अंगास नवरा उभा, दुसऱ्या अंगास सासू उभी. त्या बाईने "चुकून घेतले" याखेरीज दुसरे काय सांगावे? जबाब पुरा होतो, कागद पुरे होतात, बाई ज्या घरातून आली त्याच घरात परत जाते. पोलिसास जे विचारावेसे वाटते ते डॉक्टरास वाटू नये, यापरता उपहास तो कोणता?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील. इतर कोणत्याही राज्याहून अधिक. ज्याने एकदा प्रयत्न केला, त्याच्याकडून पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो, आणि रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष धोक्याचे असतात, हे आता निर्विवाद झाले आहे. म्हणजे ज्यांचे प्राण वाचविण्याची सर्वांत अधिक निकड, ती माणसे आपण होऊन आपल्या खाटेवर येऊन पडलेली असतात, आणि आपण त्यांचे पोट तेवढे धुऊन त्यांना वाटेस लावतो!

कायद्याची सबब आता उरलेली नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम जिवावर उदार झालेल्या माणसास गुन्हेगार ठरवीत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, तो २०१८ साली अमलात येताच, हा दृष्टिकोन उलटा केला. असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, मानावयाचे, आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य समजावयाचे, असे त्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम त्या रूपात उरलेलेही नाही. सरकारने कर्तव्य मान्य केले, ठीक झाले. परंतु ते कर्तव्य वॉर्डात बजावणार कोण? कायदा काही खाटेपाशी खुर्ची ओढून बसत नाही. ते काम माणसाचे. आणि नवऱ्यास व सासूस नम्रपणे बाहेर काढून, पडदा ओढून, अर्धा तास ऐकत बसण्याची ज्यास विद्या आहे अशा माणसाचे.

याशिवाय आणखी दोन प्रकार भिवंडीसारख्या गावी विसरता येणार नाहीत. दाटीने राहणाऱ्या वस्तीत क्षय फैलावतो, हे सर्वांस विदित आहे. त्या रोगावरील आयसोनायाझिडसारख्या नित्याच्या औषधानेही क्वचित मन बिघडते. आणि नेहमीच्या औषधांस दाद न देणाऱ्या क्षयावर जे सायक्लोसेरिन पुष्कळ काळ दिले जात आले आहे, ते तर खिन्नता व भ्रम उत्पन्न करण्याबद्दल प्रसिद्धच आहे. रुग्ण खिन्न झाला की औषध सोडतो. औषध सोडले की त्याचा रोग बळावतो, आणि खोलीतल्या इतर दहांच्या छातीत शिरतो. येथे मनाची उपेक्षा ही केवळ त्या एकाची हानी राहत नाही. ती सार्वजनिक आपत्ती होते. दुसरा प्रकार बाळंतिणीचा. हजारांतून एक-दोन बाळंतिणींस पहिल्या दोन आठवड्यांतच उन्माद होतो. ती झोपत नाही, मुलास परके समजते, प्रसंगी स्वतःच्या वा मुलाच्या जिवावर उठते. घरात त्याला 'बाहेरची बाधा' म्हणतात व गंडा-ताईत बांधतात. तिला त्वरित उपचार मिळाला तर ती बहुधा उत्तम बरी होते. प्रसूतिवॉर्डातील परिचारिकेस ही चिन्हे ओळखता आली पाहिजेत, आणि ओळखल्यावर हाक कोणास मारावी हे ठाऊक असले पाहिजे. ज्या घरी हाकेस ओ देणारा कोणी नाही, तेथे हाक मारण्याची सवयही हळूहळू मोडते.

आता आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप असा, की हे सारे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. खूळ म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण त्यास नवे म्हणता येणार नाही. कलकत्त्यास कारमायकल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ सालीच मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. मुंबईत डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात १९३८ साली तसेच केले. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानाने सर्वसाधारण रुग्णालयांत असे विभाग निघावेत म्हणून द्रव्यसाहाय्य दिले, तेही याच सुमारास. म्हणजे भायखळ्याच्या माणसांनी जे पाऊल उचलले, ते जगाच्या मागून नव्हे, बरोबरीने उचलले होते. लाज वाटावयाची तर याची, की ते पाऊल भायखळ्याहून भिवंडीस येण्यास आगगाडीला तास-दीड तास पुरतो, आणि आपल्याला ऐंशी वर्षे पुरली नाहीत! १९४६ साली भोर समितीने दाखवून दिले होते की, चाळीस कोटींच्या या देशात मनोरुग्णांसाठी खाटा दहा हजारांच्या आसपासच आहेत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मनाची चिकित्सा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळावी असे ठरविले. १९९६ साली तो कार्यक्रम जिल्हावार न्यावयास आरंभ झाला. २०१७ च्या कायद्याने तेच तत्त्व सर्व पातळ्यांस लागू केले. एकच गोष्ट इतक्या वेळा ठरते, याचा अर्थ ती एकदाही नीट पार पडत नाही, असाच करावा लागतो. घोंगडे भिजत पडले आहे, आणि दर पंधरा-वीस वर्षांनी कोणीतरी ते उलटून मात्र ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मनोविकारतज्ज्ञ आणावयाचे कोठून? देशात लाख लोकवस्तीमागे पाऊण, एवढाही एक पुरता तज्ज्ञ नाही, असे सांगतात. त्या हिशेबाने सात लाखांच्या भिवंडीच्या वाट्यास पाच यावयाचे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहिले तेव्हा दहा प्रौढांतील सुमारे एकास काही ना काही मानसिक विकार त्या वेळी होता असे दिसले, आणि विकाराविकाराप्रमाणे शंभरांतील सत्तर ते नव्वद रुग्ण उपचाराविना होते. हे आकडे पाहून आक्षेपक म्हणतो, "जे थोडे आहेत त्यांना मनोरुग्णालयातच राहू द्या." आम्ही म्हणतो, थोडे आहेत म्हणूनच त्यांना वॉर्डावॉर्डांतून फिरवा. आपल्या खोलीत बसलेला तज्ज्ञ दिवसाकाठी पंचवीस रुग्ण तपासतो, आणि दार लावून घरी जातो. वॉर्डात येणारा सल्लागार पाचच रुग्ण पाहील कदाचित. परंतु त्याच वेळी दहा डॉक्टर व वीस परिचारिका ते पाहणे पाहत असतात. सहा महिन्यांनी थरकाप ओळखण्यास, भ्रमाची कारणे हुडकण्यास, विष घेतलेल्या बाईशी चार शब्द बोलण्यास त्यांना त्याची वाट पाहावी लागत नाही. विहिरीला पाणी थोडे असले म्हणजे शहाणा बागाईतदार ते पाटाने सोडतो. काठावर बसून ओंजळीने पीत नाही.

तिसरा आक्षेप स्वतः डॉक्टरवर्गाचा असतो, आणि तो स्वाभिमानाच्या भाषेत येतो: "एवढे तर आम्हांसही समजते." समजत असेल, तर आनंदच आहे. परंतु जे समजते ते कोठे शिकविले गेले, हा प्रश्न उरतो. एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नाही. ते वैद्यकशास्त्राच्या पंक्तीला, पानाच्या कडेस वाढले जाते. ज्याची परीक्षा नाही त्याचा अभ्यास किती होतो, हे घरोघरच्या पालकांस सांगावयास नको. मग छातीत धडधडते म्हणून चार वेळा आलेल्या, आणि चारही वेळा हृदयाचा आलेख निर्दोष निघालेल्या तरुणास "तुला काही झालेले नाही" असे सांगून वाटेस लावले जाते. त्याला काही झालेले नसते तर तो पाळी बुडवून, मजुरी बुडवून पाचव्यांदा आला असता काय? "तुझे हृदय निरोगी आहे, पण तुला होणारा त्रास खरा आहे, आणि त्यालाही औषध आहे" असे म्हणावयास अधिक वेळ लागत नाही. अधिक विद्या मात्र लागते.

दूरध्वनीचा दाखला देणारेही आहेत. २०२२ साली टेली-मानस नावाची सेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर कोणासही सल्ला विचारता येतो, ही खरोखर स्तुत्य गोष्ट होय; वाचकांनी तो क्रमांक घरात लिहून ठेवावा. परंतु ज्याचे हात खाटेस बांधले आहेत, त्याने दूरध्वनी कोणत्या हाताने उचलावा?

असो. आक्षेपकांस उत्तरे दिली. आता मनोविकारतज्ज्ञांसही दोन शब्द सांगितले नाहीत तर पक्षपात होईल. सल्लागार म्हणजे रुग्ण उचलून नेणारा नव्हे. त्याने येऊन केसपेपरवर चार दुर्बोध शब्द व तीन गोळ्या लिहून निघून जाणे, यास आम्ही सल्ला म्हणत नाही. ज्या डॉक्टराने बोलावले त्याचा प्रश्न काय होता हे समजून घ्यावे, त्याच्याशी समक्ष बोलावे, परिचारिकेस रात्री काय करावयाचे ते साध्या मराठीत किंवा हिंदीत सांगावे, आणि दुसऱ्या फेरीस येऊन आपल्या सांगण्याचे काय झाले ते पाहावे. तसेच, प्रश्न विचारणाऱ्या, औषध नाकारणाऱ्या किंवा केवळ मोठ्याने रडणाऱ्या रुग्णास गप्प करण्याचा चाबूक म्हणूनही त्याने आपला उपयोग होऊ देऊ नये. पुष्कळ वेळा मनोविकार रुग्णास नसून वॉर्डासच झालेला असतो. तेथे जागरणाने चिडलेली परिचारिका आणि कामाने पिचलेला निवासी डॉक्टर यांनाच धीराची अधिक गरज असते, हे त्याने ओळखावे व सांगण्याचे धैर्यही दाखवावे.

यास खर्च किती? प्रत्येक मध्यम आकाराच्या रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस ठरलेल्या वेळी येणारा एक मनोविकारतज्ज्ञ. या कामाचे शिक्षण घेतलेली, रोज हजर असणारी एक परिचारिका किंवा समुपदेशक. आणि पडदा ओढून बोलता येईल अशी एक खोली. विष घेतलेला कोणताही रुग्ण यांच्यापैकी एकाशी बोलणे झाल्यावाचून घरी सोडू नये, असा एक लेखी नियम. आमची मागणी येथे संपते. ज्या गावातून रोज ट्रक भरभरून कापड बाहेर जाते, त्या गावाला एक पडदा आणि एक खुर्ची भारी पडावी, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु हे होत नाही याचा सारा दोष सरकारवर टाकून वाचकांनी सुटू नये. रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नाही, याबद्दल आजवर कोणत्या सुशिक्षित कुटुंबाने अर्ज केला आहे? क्ष-किरणांचे यंत्र बंद पडले तर आपण वर्तमानपत्रास पत्र लिहितो. हे पद रिकामे राहिले तर आपल्याला सुटल्यासारखेच वाटते, कारण ते भरले असते तर आपल्याच माणसाच्या खाटेपाशी त्यास बोलावण्याची वेळ आली असती, आणि शेजारच्या खाटेने ते पाहिले असते! मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपण म्हणतो. पण जे वैऱ्याहूनही घातक असे आपणच मानतो, त्यावर औषध विचारण्याची आपल्याला लाज वाटते.

भिवंडीच्या एखाद्या वॉर्डात आज रात्रीही कोणी भिंतीवरच्या मुंग्या पाहत असेल, आणि त्याच्या शेजारच्या वॉर्डात एखादी बाई उद्या सकाळी मिळणाऱ्या सुटीच्या कागदाची भीतीने वाट पाहत असेल. त्या दोघांनाही कोठे पाठवू नका. त्यांच्याकडे कोणास तरी पाठवा.